मांडी म्हणजे सीट नव्हे

आज बचत, व्याज, कर्जफेड हे सगळे विषय जरा बाजूला ठेवूया. आज बोलायचंय आपल्या लेकरांविषयी. त्यांना गाडीवरून, गाडीतून न्यायचं कसं, आणि त्याबद्दल कायदा काय सांगतो, हे आज समजून घेऊ. तुमच्यापैकी कुणी लगेच म्हणेल, "ताई, आमच्या दारात कुठली आलीय चारचाकी?" चारचाकी नसेल, पण मोटारसायकल आहे ना? लग्नाला जीप ठरवतो, जत्रेला टेम्पो करतो, बाजाराला वडापने जातो. या प्रत्येक फेरीत एखादं लेकरू कुणाच्या तरी मांडीवर असतंच. आजचं बोलणं त्या मांडीवरच्या लेकराबद्दल आहे.

हा विषय आम्ही का घेतला ते आधी सांगतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका गटातली मैत्रीण माहेराहून परत येत होती. नवरा गाडी चालवत होता. पाच वर्षांची मुलगी पुढे पेट्रोलच्या टाकीवर आणि दीड वर्षाचा मुलगा मागे तिच्या मांडीवर. वेग फार नव्हता. वळणावर कुत्रं आडवं आलं, नवऱ्याने ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि बाळ हातातून निसटून रस्त्यावर पडलं. देवाची कृपा म्हणायची, जीव वाचला. हात मोडला, कपाळाला टाके पडले. मुलीचं तोंड हँडलवर आपटलं, पुढचे दोन दात गेले.

त्यानंतर ही मैत्रीण सलग तीन बैठकांना आली नाही. हप्ता शेजारणीच्या हाती पाठवायची. आम्ही घरी गेलो तेव्हा कळलं की घरात, गल्लीत, पाहुण्यांत एकच बोलणं चाललं होतं: "पोराला धड धरताही आलं नाही हिला." ती आमच्याजवळ रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी धरलं होतं हो ताई. गच्च धरलं होतं."

मैत्रिणींनो, तिने खरंच गच्च धरलं होतं, यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. तरीही बाळ निसटलं. असं का होतं, हे समजलं की बाकीचं सगळं आपोआप समजतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

गाडी चाळीसच्या वेगाने चालली असेल, तर गाडीवरचं प्रत्येक माणूसही चाळीसच्याच वेगाने पुढे जात असतं. गाडी अचानक थांबते, पण माणूस थांबत नाही. एसटीने करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे फेकली जातात, ते आपण रोज बघतो. आता दहा किलोचं बाळ घ्या. चाळीसचा वेग सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावर आला, तर त्या बाळाला जागेवर धरून ठेवायला एक क्विंटलपेक्षा जास्त वजन पेलावं इतकी ताकद लागते. एका क्विंटलचं पोतं आपण दोन्ही हातांनी, बसल्या जागी, अचानक झेलू शकतो का? पैलवानालाही जमणार नाही. आईच्या मायेत काही कमी नसतं. कमी पडते ती हाडामांसाच्या हातांची ताकद.

आणखी एक हिशोब बघा. चाळीसच्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण सहा मीटर उंचीवरून खाली पडणं, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून. साठच्या वेगाने आदळणं म्हणजे चौदा मीटरवरून पडणं. बिनकठड्याच्या गच्चीवर आपण लेकराला एक क्षणही बसू देत नाही. गाडीवर मात्र तसंच बसवतो, कारण ती उंची डोळ्यांना दिसत नाही.

मांडीवरचं मूल सुरक्षित असतं ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत टेनेसी नावाचं राज्य आहे. तिथे रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. गाडीत न बांधलेली लहान मुलं अपघातात दगावतात, हे त्यांना सलत होतं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने आमदारांच्या मागे लागून १९७७ साली कायदा करून घेतला आणि १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला. लहान मुलाला गाडीत वेगळ्या, पट्ट्याच्या सीटवर बांधूनच न्यायचं, असं सांगणारा अमेरिकेतला हा पहिला कायदा. पण तो मंजूर होताना त्यात एक पळवाट राहिली: मोठ्या माणसाने बाळ हातात धरलं असेल तर सीट नसली तरी चालेल. आईच्या कुशीपेक्षा चांगली जागा कोणती, असं तिथल्याही लोकांना वाटलं. डॉक्टर सँडर्स मात्र या सवलतीला मूल चिरडणारी सवलत म्हणायचे. कारण धडक बसली की मागचं मोठं माणूस पन्नास-साठ किलो वजनासकट पुढे जातं आणि मधे बाळ सापडतं. १९८१ मध्ये ती पळवाट बंद झाली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे कायदे आले.

मांडी ही सीट नव्हे, हे मान्य करायला त्यांनाही वेळ लागला. आपणही उशिरा का होईना, शिकतोय.

आता आपला कायदा बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि लेकरांसाठी नवी कलमं आली.

पहिलं चारचाकीचं. कलम १९४-बी सांगतं की चौदा वर्षांखालील मूल गाडीत असेल, तर त्याला सीटबेल्ट तरी लावलेला हवा किंवा मुलांसाठीच्या खास सीटवर बांधलेलं तरी हवं. तसं नसेल तर गाडी चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड कायद्यात लिहिलेला आहे. म्हणजे मूल कुणाचंही असो, जबाबदारी चालवणाऱ्यावर. जीपवाला म्हणाला, "पोरं तुमची, तुम्ही बघा", तर त्याला हे सांगता येतं.

दुसरं दुचाकीचं. कलम १२९ प्रमाणे मोटारसायकलवर बसलेल्या चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं. चालवणाऱ्याला हवं, मागे बसलेल्या बाईला हवं आणि शाळेत जाणाऱ्या पोरालाही हवं.

आणि चार वर्षांखालची मुलं? त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ ला वेगळा नियम काढला. एक वर्षाची मुदत देऊन तो लागू केला. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, मुलाला सेफ्टी हार्नेस घालायचा. दोन, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट घालायचं. सायकल चालवताना घालतात ते हलकं हेल्मेटही त्या वयाला चालतं. तीन, असं मूल गाडीवर असताना वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही.

हार्नेस म्हणजे काय? लहान बंडीसारखा एक अंगरखा असतो. तो मुलाच्या अंगात घालायचा. त्याला दोन पट्टे असतात, ते चालवणाऱ्याने शाळेचं दप्तर अडकवावं तसे खांद्यांत अडकवायचे. मूल चालवणाऱ्याच्या मागे, त्याच्या पाठीशी बांधलेलं राहतं. झोपलं तरी कलंडत नाही. पट्टे मापाप्रमाणे लहान-मोठे करता यावेत, पावसाने खराब होऊ नयेत आणि तीस किलोपर्यंत वजन पेलावं, असं नियमात सांगितलेलं आहे. शेतात कामाला जाताना बाळ पाठीशी बांधायची रीत आपल्या कितीतरी आज्यांना ठाऊक होती. हा त्यातलाच प्रकार, फक्त ओढणीऐवजी नायलॉनचा पट्टा. ओढणीने किंवा साडीच्या पदराने बांधून मात्र हे काम भागत नाही. गाठ सुटते, कापड चाकात जातं आणि नवंच संकट येतं.

नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला नियमाने हेल्मेट सांगितलेलं नाही. एवढ्या लहान बाळाची मान नाजूक असते, तिला हेल्मेटचं ओझं झेपत नाही. मग त्याला दुचाकीवर न्यायचं कसं? आमचं सांगणं असं की शक्यतो नेऊच नका. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर बाळ-बाळंतिणीला घरी सोडायला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत गाडी मिळते. बाळ वर्षाच्या आतलं असून आजारी पडलं, तर सरकारी दवाखान्यात न्यायलाही ती सोय आहे. आशाताईंना विचारा, आपला हक्क आहे तो. टाक्यांच्या अंगाने, तीन दिवसांचं बाळ पदरात घेऊन मोटारसायकलवर घरी जायची गरज नाही.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळून पुढे गेलो तर हे बोलणं अर्धवट राहील. कलम १२८ सांगतं की दुचाकीवर चालवणारा आणि त्याच्यामागे एक, अशी दोनच माणसं. लहान मूल मोजायचं नाही, असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे नवरा, बायको आणि मूल हे कायद्याने तिघं झाले. दंड १,००० रुपये, आणि तीन महिने परवाना रोखण्याची तरतूद. २०२३ मध्ये केरळात रस्त्यांवर कॅमेरे बसले तेव्हा हाच प्रश्न तिथल्या आईबापांनी विचारला. केरळ सरकारने केंद्राकडे लहान मुलासाठी सवलत मागितली. केंद्राने ती दिली नाही.

आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा बायका चिडल्या. एक जण म्हणाली, "मग गरिबाने लेकराला घेऊन चालत जायचं का?" तिचं चिडणं खोटं नाही. दिवसातून दोनदा येणारी एसटी, ती चुकली की वडाप, आणि वडापमध्ये माणसं खच्चून भरलेली. कायदा करणाऱ्यांनी आपल्या गावच्या रस्त्यावर एक दिवस उभं राहून बघावं, असं आम्हालाही वाटतं. एसटीची फेरी वाढवून द्या, असा ठराव ग्रामसभेत मांडणं हेही लेकरांच्या सुरक्षेचंच काम आहे. पण रस्त्यावरच्या दगडाला आपली अडचण कळत नाही. म्हणून जे आपल्या हातात आहे ते आधी करू. दोन मुलं असतील तर दोन फेऱ्या, किंवा एक जण एसटीने. लांबच्या पल्ल्याला, रात्री, पावसात सगळं कुटुंब एका गाडीवर नकोच.

आणि टाकीवर तर मूल कधीही नको. टाकीवर बसलेल्या मुलाच्या पुढे लोखंडी हँडल आणि मागे बापाचं सगळं वजन. गाडी आदळली की मूल मधल्या मधे चेंगरतं. डॉक्टर सँडर्सनी सांगितलं तेच इथेही होतं.

चारचाकीकडे वळू. तुमच्याकडे गाडी असेल किंवा भावाने, दिराने घेतली असेल, तर मुलांची सीट ही चैन समजू नका. वयाप्रमाणे तिचे प्रकार आहेत. अगदी लहान बाळाची सीट उलट्या तोंडाची असते, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. धक्का बसला की तो बाळाच्या सबंध पाठीवर पसरतो, मानेला झटका बसत नाही. ही सीट एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर कधीच लावायची नाही. एअरबॅग फुगली तर तिचाच मार बाळाला बसतो. बाळ मोठं झालं की सरळ तोंडाची, पट्ट्यांची सीट. त्याहून मोठ्या मुलाला बूस्टर. बूस्टर म्हणजे मुलाला उंचावर बसवणारी बैठक. ती कशाला लागते? गाडीचा बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाने केलेला असतो. लहान मुलाला तो लावला तर वरचा पट्टा गळ्यावर येतो आणि खालचा पोटावर. अपघातात तोच पट्टा इजा करतो. बूस्टरवर बसलं की वरचा पट्टा खांद्यावर येतो आणि खालचा कमरेच्या हाडावर. इंग्लंडमध्ये मूल बारा वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच, यातलं जे आधी होईल तोपर्यंत अशी सीट वापरावी लागते. त्यावरून लक्षात ठेवा की नुसत्या वयाला अर्थ नाही, उंची महत्त्वाची. मुलाची पाठ सीटला टेकून गुडघे कडेवर नीट वाकले आणि पट्टा गळ्याला लागला नाही, तर समजा मूल नुसत्या बेल्टला तयार झालं.

भाड्याच्या गाडीत अशी सीट मिळणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. तरी तीन गोष्टी आपण करू शकतो. मूल पुढच्या सीटवर बसवायचं नाही, मागे बसवायचं. जमेल त्या मुलाला स्वतंत्र जागा देऊन बेल्ट लावायचा. आणि एकाच बेल्टमध्ये आई आणि मांडीवरचं मूल असं दोघांना कधीही अडकवायचं नाही. पुष्कळ जणी ते काळजीपोटी करतात, पण धक्का बसला की आईचं सगळं वजन मुलावर येतं.

टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीबद्दल फार बोलायला नको. मालाच्या गाडीतून माणसांची वाहतूक कायद्याला मान्य नाही. आणि वडापवाल्याने जास्त माणसं भरली तर प्रत्येक जादा माणसामागे २०० रुपये दंड आहे. जादा माणसं उतरवून त्यांची दुसरी सोय झाल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही, असंही कायदा सांगतो. भाडं देणारे आपण असतो. चार जणी मिळून "पुढची गाडी येऊ दे" म्हणालो तर फरक पडतो.

तशीच एक सवय आपल्या घरातली. आठवी-नववीतल्या पोराच्या हातात गाडीची चावी द्यायची आणि धाकटीला शाळेतून आणायला पाठवायचं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. त्या पोरालाही पंचवीस वर्षांचं होईपर्यंत परवाना मिळत नाही.

आता पैशांचं बोलू. हार्नेस काही शे रुपयांना मिळतो. मुलांचं हेल्मेट घेताना आयएसआयचा शिक्का बघा. डोक्याचा घेर भुवयांच्या वरून फितीने मोजून त्याच मापाचं घ्या. "पुढच्या वर्षी पण होईल" म्हणून मोठं घेऊ नका. ढिलं हेल्मेट ऐन वेळी उडून जातं. हेल्मेट घालून मुलाला मान हलवायला लावा, ते डोळ्यांवर येता कामा नये. हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं जावीत, त्याहून जास्त नको.

आमच्या गटाने यातून एक मार्ग काढला. लग्नकार्याला भाड्याने द्यायची भांडी जशी गटाच्या मालकीची असतात, तसे आम्ही गटाच्या पैशातून दोन हार्नेस आणि दोन लहान हेल्मेट घेतली. ज्या घरात तान्हं आहे, तिने माहेरी जाताना वहीत नोंद करून न्यायचं आणि आल्यावर पुसून परत द्यायचं. मोटारीची सीट ग्रामसंघाने मिळून घ्यावी, असाही विचार चालू आहे. फक्त एक पथ्य पाळायचं. एकदा अपघातात सापडलेलं हेल्मेट किंवा सीट पुन्हा वापरायची नाही. वरून चांगली दिसली तरी आतून ती खचलेली असते.

घरी हा विषय काढणं सोपं नाही. नवरा म्हणतो, "गावातल्या गावात कशाला?" सासूबाई म्हणतात, "आम्ही नाही का वाढवली पोरं?" त्यांचंही बरोबर आहे, त्यांनी वाढवली. पण तेव्हा बैलगाडी होती, फार तर सायकल होती. रस्ता कच्चा होता आणि वेग माणसाच्या चालीचा होता. आता रस्ता डांबरी झाला, वेग पाचपट झाला आणि लेकराचं डोकं तेवढंच नाजूक राहिलं. भांडण न करता हे एवढंच सांगा. आणि आपण स्वतः मागे बसताना हेल्मेट घाला. आईने घातलं की मूल मागून घेतं.

आणि कधी रस्त्यात कुणाचा अपघात दिसला तर घाबरून पुढे जाऊ नका. १०८ ला फोन लावा, गाडी मोफत येते. चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला कलम १३४-ए ने संरक्षण दिलेलं आहे. आपलं नाव सांगण्याचीही सक्ती पोलीस किंवा दवाखाना करू शकत नाही.

ती मैत्रीण आता बैठकीला येते. आम्ही तिच्या घरी जाऊन, सगळ्यांना समोर बसवून तो क्विंटलच्या पोत्याचा हिशोब समजावून सांगितला. तिचा नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी जरी धरलं असतं तरी..." आणि पुढे बोलला नाही. त्या दिवसानंतर तिला कुणी टोमणा मारल्याचं आमच्या कानावर आलेलं नाही. गटाचा पहिला हार्नेस तिच्याच घरी गेला.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना पासबुकाबरोबर शिवणाची फीत घेऊन या आणि लेकरांनाही आणा. डोक्यांची मापं तिथेच लिहून घेऊ आणि कुणाला काय लागणार आहे ते ठरवू.